नाल्यापलीकडचं वावर

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. लेकीला माहीत नाही. आणि जिला ती सर्वात आधी कळायला हवी होती, तिला तर नाहीच नाही. कितीदा तोंडापर्यंत आली — आणि मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठून गेले. तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठं राहते ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलते आहे. यात काही धाडस नाही, एवढं मला कळतं.

पण आधी कांता कोण ते सांगू द्या. कांताशिवाय हे सांगताच येणार नाही.

आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, पूर्णेच्या अंगाला. इकडं जमीन काळी, भारी, आणि जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा — पाणी लागतं, पण त्यानं साबणाला फेस येत नाही आणि पिकाला दिलं तर पीक जळतं. प्यायचं पाणी लांबून नळानं येतं. त्यामुळं आमच्याकडं शेती म्हणजे पावसावरची. कपाशी, तूर, मूग. एकदा कपाशीची पऱ्हाटी उपटली की पुढचा पाऊस येईपर्यंत वावर उघडं पडतं, भेगाळतं. हिवाळ्यात अकोटाकडं लग्नाबिग्नाला निघालो की एसटीच्या खिडकीतून तिकडचा गहू दिसायचा. हिरवागार. आम्ही बाया बोलता बोलता गप्प व्हायचो आणि बघत राहायचो.

कांताचं वावर आमच्या वावराला लागून, मधे फक्त एक नाला. आम्ही दोघी एकाच सालच्या सुना. ती बौद्ध वस्तीतली. भूमिहीनांना जमिनी मिळाल्या तेव्हा तिच्या सासऱ्याला तो तुकडा मिळाला होता. आम्ही पाटलाच्या आळीतले, वावरही जास्त. माझ्या सासूबाई होत्या तोवर कांता आमच्या घरी आली तर ओट्यावरच थांबायची. आत ये म्हणायला मी कधी पुढं झाले नाही, हेही इथंच सांगून टाकते. वावरात मात्र आम्हा दोघींची भाकर एकाच फडक्यावर असायची. चारचौघांत ती मला ‘शोभाबाई, तुमी’ म्हणायची. वावरात ‘तू’. मी तिला सगळीकडं ‘तू’च म्हणायची — आणि त्यात काही वेगळं आहे हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

तिचा नवरा लवकर गेला. एक लेक होती, प्रज्ञा. कांतानं ते वावर एकटीनं केलं. तिची वेचणी असली की मी जायची, माझी असली की ती यायची. शिवाय आमच्याकडं काम जास्त असायचं, तेव्हा ती रोजानंही यायची. तिच्यासोबत वेचणीला लागलं की दिवस कुठं गेला कळत नसे. ती बोलायची, गाणी म्हणायची, माझ्या नवऱ्याची नक्कल करायची. मला दुसरी मैत्रीण नव्हती. तेव्हाही नव्हती, आताही नाही.

कांताला एक ध्यास होता, आणि तो गव्हाचा. तिचं लहानपण ज्वारीच्या भाकरीवर गेलेलं, गहू सणाला. पुढं रेशनवर गहू मिळू लागला, पण तो रेशनचा. एकदा नाल्याच्या काठावर जेवत असताना ती म्हणाली, “मले एक डाव माह्या वावरातल्या गव्हाची पोळी खायची हाय वो. मंग मेली तरी चालते.”

मी हसले. म्हटलं, खाऱ्या पाण्यावर गहू येतो का कुठं? तिलाही ते ठाऊक होतं. पण तिनं हिय्या करून एका हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यावर वांग्याची रोपं लावून पाहिलीच. महिनाभरात पानांच्या कडा करपल्या, आणि वाफ्यावर पांढरा थर आला, मीठ सांडल्यासारखा. ती त्या वाफ्याजवळ उकिडवी बसून होती. मी बोलवायला गेले तर म्हणाली, “दुरून पाह्यलं तं वाटते, दहीच सांडलं जसं.” असं म्हणून हसली. कांता कशालाही हसायची.

मग पाण्याची बातमी आली. वरच्या अंगाला धरण झालं होतं, पावसाचं गोडं पाणी साठलेलं. ते जमिनीखालून बंद पाइपनं आमच्या शिवारात येणार, वावरावावरात तोटी बसणार. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग रस्त्याच्या कडेला मोठमोठे पाइप येऊन पडले, तेव्हा बसला. त्या दिवसांत कांता मला तिच्या वावरात ओढून न्यायची आणि पायानं रेघा मारून दाखवायची — इथं गहू, तिकडं हरभरा, धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून लसूण, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. “तुले सांभार इकत घ्यायची गरज नाई आता,” म्हणायची. मीही तिच्यासोबत रेघा मारायची. मला आनंद झाला होता. खरंच झाला होता — तुम्हाला पटो न पटो.

मग काय झालं? तेच तर मी इतकी वर्षं शोधते आहे.

एके दिवशी जेवताना आमचे हे म्हणाले, “पाणी आलं तं सगळेच रब्बी करतीन. मंग मजूर कुठून आणाचे?” ते सगळ्या गावाबद्दल बोलत होते. कांताचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. नाव माझ्याच मनात आलं. कांताचा गहू उभा असेल तर माझ्या गव्हाला कोण येणार? भारे कोण बांधणार? आणि — हे सांगायला मला सर्वात जड जातं — दिवसभर माझ्याशी बोलणार कोण? ती तिच्या वावरात असेल, मी माझ्या. मधे नाला. मला कांता माझ्या वावरात पाहिजे होती. मैत्रीण म्हणून पाहिजे होती की कामाला पाहिजे होती? या दोन गोष्टी मी तोडून पाहिल्या. तुटत नाहीत.

तोट्या कुठं बसवायच्या ते बघायला साहेब येणार होते, त्या पाहणीच्या वेळेस कांता गावात नव्हती. प्रज्ञाचं सासर वलगावचं. ती बाळंत व्हायची होती, म्हणून अमरावतीला दवाखान्यात ठेवली होती. कांता गाठोडं घेऊन निघाली. वाटेत आमच्या दारात थांबली आणि म्हणाली, “साहेब आले तं माह्या वावराचं सांगजो. इसरजो नको.”

“नाई इसरत,” मी म्हटलं.

आणि विसरले नाहीच. विसरले असते तर आज हे सांगायला बसले नसते.

साहेब म्हणजे तरुण पोरगाच होता. उन्हानं रापलेला, डोक्याला रुमाल. शिवार फिरत फिरत, प्रत्येकाला विचारत, कुठं तोटी पाहिजे ते खुणा करत चालला होता. आमच्या वावरात आला तोवर बाकीची माणसं मागं लिंबाखाली टेकली होती, आमचे हेही त्यांच्यात. साहेबासोबत धुऱ्याधुऱ्यानं मी एकटीच गेले. नाल्याच्या काठावर तो थांबला. पलीकडं बघून म्हणाला, “मावशी, तिकडचं वावर कोणाचं? त्यांना पाणी पाहिजे का? पाहिजे असेल तर नाल्यावरून पाइप न्यावा लागेल. तसं अवघड नाही.”

मला एक शब्द बोलायचा होता. हो.

मी म्हटलं, “ती बाई गेली अमरावतीले. आता लेकीपाशीच राह्यते म्हणे. ते वावर पडीकच राह्यते.”

तो म्हणाला, “नक्की ना? नंतर मग लवकर होत नाही.”

“नक्की,” मी म्हटलं.

त्यानं माझ्या धुऱ्याशी शेवटची खूण केली. माझ्याकडं प्यायला पाणी मागितलं. मी त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. तो पिऊन, मावशी बरं झालं म्हणून परत फिरला. मी मागं राहिले. नाल्यापलीकडं कांताच्या पायाच्या रेघा अजून दिसत होत्या का? तसं वाटतं, पण मधे वारा-वावधान झालेलं, दिसणं शक्य नाही. मीच मनानं घातल्या असतील.

कांता नातीचं तोंड पाहून आली. आल्या आल्या, गाठोडंही खाली न ठेवता, तिनं विचारलं, “सांगतलं होतं ना तू साहेबाले?”

“सांगतलं,” मी म्हटलं. “लय सांगतलं. पण तो म्हणते नाल्यातून पाइप नेता येत नाई. पुरात वाहून जाते. लाइन इथंच थांबते म्हणे.”

हे मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं. वाक्य न अडखळता बाहेर आलं. कांता म्हणाली, “जाऊ दे. तुह्या वावरात तं आलं.” आणि पदरातून मला खारीक काढून दिली, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसाठी आणलेल्यातली. मी ती खाल्ली.

तरी तिच्या मनातून ते गेलं नव्हतं. पाइप पुरायला सुरुवात झाली तेव्हा एकदा ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तेल्हाऱ्याला जाते म्हणाली, ऑफिसात साहेबालाच भेटते, पाया पडते. मी तिला बसवलं. म्हटलं, काहून फेऱ्या मारतं? एकदा नाही म्हटलं ते नाहीच, आणि उगीच चिडला तर आपली तोटीही काढून टाकेल. आपली, असं म्हटलं मी. कांता घाबरली. माझ्या तोटीसाठी घाबरली! लुगडं बदलून परत कामावर आली. कामही माझ्याच वावरातलं.

पाणी आलं त्या दिवशी सगळं गाव वावरात होतं. तोटीतून आधी नुसती हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ. कांतानं ओंजळीत घेऊन चाखलं. “गोड हाय,” म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांच्याच होतं, म्हणून माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

त्या वर्षी आमचा पहिला गहू झाला. तो पेरला तेव्हा कांता होती, ओलवला तेव्हा होती, सोंगला तेव्हा होती. थंडीत पायाला चिखल लावून ती दांडातलं पाणी वळवायची, आणि वळवता वळवता उभी राहून एकटक बघायची. मी म्हणायची, काय बघतं? ती म्हणायची, काही नाही वो. घरी नवा गहू दळला, तिला पिठाचा डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं त्या पिठाची पोळी करून, तेल लावून, माझ्यासाठी वावरात आणली. आम्ही दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली. “मऊ होते तुह्या गव्हाची,” ती म्हणाली. तुह्या.

असे कितीक हिवाळे गेले. माझ्या घरात गहू, हरभरा, भाजी, कशाला कमी नव्हती. लेकीच्या घरीही वर्षाचं धान्य इथून जायचं. नाल्यापलीकडं दिवाळीनंतर तेच उघडं वावर. एक वर्ष पावसानं कपाशी नेली, त्याच वर्षी तूरही वाळली, आणि कांताच्या घरात विकतचं धान्य आलं. तिचे गुडघेही बोलायला लागले होते. प्रज्ञा म्हणाली, आई, तिथं आता काय उरलं तुझं? चल. पाणी असतं तर ती थांबली असती का? मला माहीत नाही. नसतीही थांबली. पण हा प्रश्न मी विचारूच शकते कशी, तो तर मीच मिटवून टाकला होता ना?

जाताना वावर तिनं आम्हालाच बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलं. दुसऱ्याला द्यायचं तिच्या मनातही आलं नाही. फाट्यावर एसटीत चढताना म्हणाली, “लक्ष ठेवजो वो.” गाडी गेली तरी मी तिथंच उभी. घरी आले आणि कळलं, की आता दिवसभर माझ्याशी कुणी बोलणार नाही. जे टाळायला मी खोटं बोलले होते, तेच नेमकं झालं.

पुढं आमच्या यांनी नाल्यावरून पाइप नेला. सकाळी माणसं लागली, दोन्ही काठांवर सिमेंटचे ठोकळे बसवले, त्यांवर लोखंडी पाइप टाकला. जेवायला बसायच्या आत पाणी कांताच्या वावरात पडत होतं. एवढंच काम. हे मला म्हणाले, “हे आधीच कराले पाह्यजे होतं. त्या साहेबाच्या डोक्यात काहून नाई आलं?” मी भाकरी वाढत होते. वाढत राहिले.

कांताच्या वाट्याचा गहू घेऊन मी वलगावला गेले. अमरावतीला उतरले आणि तिथून ऑटो केला. पोतं दारात उतरवलं तेव्हा ती म्हणाली, हा तुझ्या वावरातला ना? मी म्हटलं, तुझ्या. मग पाइपचं सांगावंच लागलं, पण मी घाईघाईत सांगितलं — आता नवीन काहीतरी निघालं आहे, आता जमतं म्हणे. तिनं पोत्यात हात घातला आणि कितीतरी वेळ बाहेर काढला नाही. मग नातीला हाक मारून म्हणाली, “ह्या शोभाबाई. यायनं माह्या वावरासाठी साहेबाजवळ लय तोंड वाजवलं होतं. आपले नाई कोणी, तरी.” ती पोरगी माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी कसा ठेवला, सांगा.

त्या दिवशी कांतानं पोळ्या केल्या. तिच्या गव्हाच्या. मी म्हटलं, माझा उपास आहे. उपास नव्हता.

तेव्हापासून ती फोनवर एकच म्हणायची — गहू उभा असताना मला एकदा वावर दाखव. आणि मी टाळायची. रस्ता खराब आहे, यांना बरं नाही, आता तर सोंगणीच झाली. तिची इतकी आठवण यायची, की संध्याकाळी नाल्याकाठी उगीच जाऊन बसायची. आणि ती येते म्हटलं की मी घाईनं फोन ठेवून द्यायची. कारण आली तर नाल्याशी येणार. नाल्याशी आली तर पाइप दिसणार.

मागच्या हिवाळ्यात ती न विचारता आली. नातीचं एव्हाना लग्न झालं होतं; त्या नातजावयाच्या मोटरसायकलवर, मफलर गुंडाळून. त्यानं तिला आमच्या दारात सोडलं आणि संध्याकाळी न्यायला येतो म्हणून तो गेला. आम्ही दोघी हळूहळू वावरात गेलो. गहू ओंबीवर होता. ती माझा हात धरून चालत होती, आणि मी — काय सांगू — मी सुखात होते. इतक्या वर्षांनी कांता माझा हात धरून माझ्या धुऱ्यानं चालत होती.

नाल्याशी ती थांबली. पाइप उघडाच आहे तिथं, लहान पोरानंही ओलांडून जावं एवढाच. तिनं या काठापासून त्या काठापर्यंत नजर नेली. काठी टेकून वाकली, ठोकळ्याला हात लावून पाहिला.

“एवढंच होतं?” ती म्हणाली.

“हो.”

“पुरात नाई गेला वाहून?”

“नाई.”

पलीकडं तिचा गहू वाऱ्यानं हलत होता. आता सांगावं, असं मला वाटलं. तिचा हात माझ्या हातात होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ येणार नव्हती.

“मंग तो साहेब खोटं बोलला म्हणाचं,” कांता म्हणाली. रागानं नाही. नुसतीच.

ती माझ्याकडं बघत होती.

“हो,” मी म्हटलं. “खोटंच बोलला तो.”

तिनं मान हलवली. मग माझा हात धरून नाला उतरली, पलीकडं चढली, आणि आपल्या गव्हात गेली. एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. कोवळे दाणे तोंडात टाकून चावत राहिली. अर्धे माझ्या हातावर ठेवले. संध्याकाळी नातजावयाच्या मागं बसून निघून गेली.

तिचा अजूनही फोन येतो. पाऊस झाला का, पेरलं का, विचारते. त्या साहेबाचा विषय तिनं पुन्हा काढलेला नाही. मीही नाही.

तो पोरगा नाल्याच्या काठावर उभं राहून मला म्हणाला होता, तसं अवघड नाही.